पॉलिश केलेली फायबरची बोट दोन महिन्यांत पुन्हा पांढरी का पडते?

तक्रार जवळजवळ सगळ्यांची एकच असते. दिवाळीनंतर बोट घासूनपुसून, रबिंग-पॉलिश मारून चकचकीत केली आणि शिमगा यायच्या आत ती पुन्हा निस्तेज झाली. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. पुन्हा पॉलिश करायचं, पुन्हा तेच. खडकवासला, पानशेत, मुळशीच्या काठी उघड्यावर ठेवलेल्या जुन्या फायबरच्या बोटींचं हे चक्र मी बरीच वर्षं बघतोय. माझं मत असं झालंय की यातल्या बहुतेक बोटींवर चमक कधी आलेलीच नसते. पॉलिशमधल्या तेलामुळे ती आल्यासारखी दिसते. ते तेल उन्हाने उडालं आणि दोन-चारदा धुण्यात निघून गेलं, की खालचा मेलेला थर जसाच्या तसा वर दिसतो.

हे नीट समजून घ्यायला बोट कशी बनते ते आधी बघू. फायबरची बोट साच्यात उलट्या क्रमाने तयार होते. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा फवारा मारतात, आणि तो सेट होऊ लागला की मागून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर चढवत जातात. साच्यातून बोट बाहेर काढली की तो पहिला फवारा सगळ्यात वर असतो. तोच जेलकोट. त्याची चमक साच्याच्या गुळगुळीत अंगाची असते, वरून कुणी दिलेली नसते. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. म्हणजे जेलकोट घासायला वाव भरपूर आहे, पण जे घासून गेलं ते परत येत नाही. आहे तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरवर बोटीचं सगळं आयुष्य काढायचं असतं.

उन्हातले अतिनील किरण रेझिनचे लांबलचक रेणू तोडतात. वरचं रेझिन झिजत जातं आणि त्यात बांधलेले रंगाचे कण सुटे होतात. हाताला लागणारी भुकटी ती हीच. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे तयार होतात, त्यावर पडलेला प्रकाश वाटेल तसा विखुरतो, आणि निळी बोट दुधट दिसते, लाल बोट गुलाबी. पांढऱ्या बोटीचंही हेच होतं, फक्त लक्षात उशिरा येतं. अशा बोटीवर पाणी टाकलं की तिचा मूळ रंग क्षणात वर येतो. शाळेतली पाटी ओली असताना काळीभोर दिसायची आणि सुकली की राखाडी व्हायची, तसंच. पाणी ते खळगे भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं, रंग दिसतो. खोबरेल, डिझेल, टायर काळे करायचं पॉलिश, गॅरेजमधलं तेलकट रबिंग, ही सगळी मंडळी हेच करतात. पाण्यापेक्षा ती जरा जास्त दिवस टिकतात, एवढाच फरक.

आधी दुखणं ओळखा

हातात पेपर (म्हणजे घासकागद) किंवा मशीन घेण्याआधी बोट नुसती बघायची. सकाळी ऊन तिरपं असताना बघितलं तर सगळं दिसतं.

गडद रंगाचं कोरडं फडकं घ्या आणि जोर लावून वीतभर जागा पुसा. फडक्यावर पांढरट किंवा बोटीच्या रंगाची भुकटी आली, तर ऑक्सिडेशन, म्हणजे वर सांगितलेली उन्हाची झीज, नक्की. मग त्याच जागेवर पाणी टाका. रंग एकसारखा, खोल, नव्यासारखा परत आला, तर आनंदाची गोष्ट आहे: खाली धड जेलकोट शिल्लक आहे आणि बोट नक्की सुधारेल. ओली करूनही ती डागाळलेलीच दिसत असेल, कुठे गडद कुठे फिकट, तर रंगद्रव्यच उतरलंय किंवा त्या जागी आधी कुणीतरी दुसऱ्या छटेचा जेलकोट लावून डागडुजी केलीय. तो फरक घासून जाणार नाही. आणि ओल्या पृष्ठभागातून मॅटची किंवा विणलेल्या कापडाची नक्षी दिसायला लागली असेल, तर तिथे पेपर अजिबात लावू नका. जेलकोट तिथे संपत आलाय.

बारीक चिरांकडे वेगळं बघायला लागतं. एका बिंदूपासून कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या चिरा असतील, तर तिथे आपटलंय किंवा खालचा भाग दबतोय. पॉलिशने त्या झाकल्या जातील, बऱ्या होणार नाहीत. बोट महिनोन्‌महिने पाण्यातच राहत असेल तर तळाला फोड आलेत का तेही बघा. धरणाच्या गोड्या पाण्यात हे फोड समुद्रापेक्षा लवकर येतात, कारण आतल्या क्षारांकडे गोडं पाणी जास्त जोराने ओढलं जातं. फोड फोडून त्यातलं पाणी आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं निघालं तर बोट वाळवणं आणि तळाची दुरुस्ती हे वेगळंच काम आहे. चमक त्यानंतर.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्याला आपण जेलकोट समजतोय तो जेलकोट आहे ना? पंधरा-वीस वर्षांत बोटीचे मालक बदललेले असतात, मधे कुणीतरी रंग दिलेला असतो. क्लीट (दोर अडकवायची खुंटी) किंवा कड्यांच्या कडेला, रबरी पट्टीवर रंगाचे ओघळ, शिंतोडे दिसले, किंवा एखाद्या टवक्यात एकावर एक वेगळ्या रंगाचे पापुद्रे दिसले, तर बोट रंगवलेली आहे. कोपऱ्यात दडलेली छोटी जागा घासून स्वच्छ करा आणि थिनरचं फडकं थोडा वेळ दाबून धरा. साधा एनॅमल असेल तर मऊ पडून फडक्यावर येईल. जेलकोट तसा विरघळत नाही. अर्थात टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर (कडक करणारं रसायन) मिसळून लावायचा रंग, तोही विरघळत नाही, म्हणून शिंतोडे आणि टवके बघणं चुकवू नका. रंग पातळ असतो. त्यावर हजार नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) फिरवला तर दुसऱ्याच फेरीत प्रायमर दिसेल.

धुणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नव्हे

मळावर रबिंग चालवलं तर धुळीचे कण पॅडखाली सापडतात आणि पूर्ण बोटीवर चरे उठतात. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर बोट उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग बसतात. लगेच फडक्याने पुसून घ्या.

पाण्याच्या रेषेवरचा तपकिरी पट्टा, जांभळाचे किंवा कुजलेल्या पाल्याचे डाग, बोल्टखाली ओघळलेला गंज, या सगळ्यांवर ऑक्झॅलिक ॲसिड हा चांगला उपाय आहे. हातमोजे आणि चश्मा घालून, पाण्यात विरघळवून, ब्रशने लावायचं, थोडा वेळ थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. संडास साफ करायचं ॲसिड मात्र बोटीला लावू नका. डाग त्यानेही जातो, पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते ॲल्युमिनियमच्या मास्टला (डोलकाठीला), स्टीलच्या फिटिंगला खातं. ही झीज पुढच्या पावसाळ्यात दिसते, आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

एक कळकळीची विनंती. हे सगळं काम काठापासून दूर, जिथलं पाणी धरणात उतरणार नाही अशा जागी करा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं पुण्याला प्यायचं पाणी देतात. घासलेल्या जेलकोटचा चिखल, रबिंगचं तेल, ॲसिडचं धुणं यातलं काहीही तिथे जाता कामा नये. चिखल जुन्या चादरीवर गोळा होऊ द्या, वाळवा, पिशवीत भरून कचऱ्यात टाका.

एक हात जागा, आधी तिथे सगळं

पूर्ण बोटीवर एकदम कामाला लागणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. मागच्या बाजूला, जिथे चटकन नजर जाणार नाही तिथे, कागदी चिकटपट्टीने हातभर चौकोन आखा आणि त्यातच ठरवा की या बोटीला किती कडक उपाय लागतो. नियम असा: हलक्यापासून सुरुवात करायची आणि लागेल तेवढंच पुढे जायचं. आधी नुसतं पॉलिश. नाही जमलं तर रबिंग कंपाउंड. तेही पुरेना तर पंधराशे नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद), मग हजार. आठशेवर क्वचितच जावं लागतं. सहाशे नंबर मी फक्त एखाद्या खोल चऱ्यापुरता वापरतो.

प्रत्येक पायरीनंतर एक गोष्ट करायची, आणि या सगळ्या लेखातून एवढी एकच उचललीत तरी तुमची पुढची दोन वर्षं वाचतील. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते निम्म्याला निम्मं पाणी घालून स्वच्छ फडक्यावर घ्या आणि चौकोन पुसून काढा. कंपाउंडमधलं तेल, मेण, भर घालणारे पदार्थ सगळे निघून जातात. पुसल्यावर जी चमक उरते तेवढीच तुमची. तेलाने आलेली चमक असेल तर चौकोन तुमच्या डोळ्यांदेखत पांढरट होतो. कंत्राटी माणसाकडून काम करून घेत असाल तर पैसे देण्याआधी ही परीक्षा त्याच्यासमोर करा. 'साहेब, रबिंग मारून देतो, एकदम नवी दिसेल,' असं म्हणणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं. नवी दिसते. किती दिवस, ते या फडक्यावर कळतं.

मोटारीच्या गॅरेजमधलं रबिंग जेलकोटला का पुरत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ते पातळ, कडक रंगावरचे बारीक ओरखडे काढायला बनवलेलं असतं. दशकभराच्या उन्हाने खाल्लेला थर कापायची ताकद त्यात नसते, मग ते खळगे भरून मोकळं होतं. शिवाय बऱ्याच मोटार-पॉलिशांत सिलिकॉन असतं. ते एकदा जेलकोटच्या छिद्रांत गेलं की पुढे कधी रंग किंवा जेलकोटची दुरुस्ती करायची वेळ आली, तर नवा थर तिथे चिकटत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डब्यावर फायबरग्लास किंवा जेलकोट असा उल्लेख असलेलं जाड कापाचं कंपाउंड घ्या. पुण्यात ते सहज हाताला लागत नाही हे खरं, पण भोसरीकडे फायबरचे साचे बनवणारे लोक साचा चमकवायला जे कंपाउंड वापरतात ते याच कामाचं असतं. त्यांना विचारायला लाजू नका. वॉटर पेपर, बफिंगचे पॅड, चिकटपट्टी हे नाना पेठेत मिळून जातं.

पेपर मारणं

बोटीवर पेन्सिलीने हलक्या तिरप्या रेघा मारून घ्या. बादलीत पाणी, त्यात चार थेंब भांड्याचा लिक्विड साबण, पेपर आधी त्यात भिजत ठेवलेला. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळूनच वापरायचा. नुसत्या बोटांनी दाबला तर बोटांच्या खाली खोलगट पन्हळी पडतात आणि चमक आल्यावर त्या लांबून दिसतात. पेन्सिलीच्या रेघा गेल्या की थांबायचं. रंगीत बोटीवर आधी निघणारा चिखल दुधट असतो, आणि धड थर लागला की त्यात बोटीचा खरा रंग उतरतो. हा बदल डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे त्यावरच हात चालतो. पांढऱ्या बोटीला ही सोय नाही, तिथे पेन्सिलच खरी.

हजारने एका दिशेने, म्हणजे आडवं. पंधराशेने उभं, हजारच्या आडव्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. दोन हजारने पुन्हा आडवं. दिशा बदलली की मागच्या नंबरची एक जरी रेघ राहिली तरी ती उलटी जाणारी म्हणून लगेच नजरेत येते. प्रत्येक नंबरनंतर पाणी बदला आणि बोट पूर्ण धुऊन घ्या, हजारचा एक कण दोन हजारच्या पेपरखाली आला तर तासाभराचं काम वाया जातं. मधला नंबर गाळण्याचा मोह खूप होतो. गाळला, तर कंपाउंडने वर-वर चमक येते, पण खोल चऱ्यांत कंपाउंडचं तेल बसलेलं असतं. होळीच्या सुमारास ते निघून जातं आणि बोटीवर धुरकट पट्टे दिसू लागतात. लोक म्हणतात बोट पुन्हा ऑक्सिडाइझ झाली. खरं तर ते हजारचे चरे असतात.

कडा, कोपरे, उंचवटे इथे जेलकोट मुळातच पातळ असतो. तिथे चिकटपट्टी लावून टाका आणि शेवटी हाताने, दोन हजारने, हलकेच. पेपर नेहमी ओलाच चालवा. फायबरची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट, त्वचेला खाज आणणारी; ओल्या कामातही मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट असू द्या.

शर्यतीच्या वर्गातली होडी असेल, ऑप्टिमिस्ट, लेझर, एंटरप्राइज यांपैकी काही, तर तळाला पेपर लावण्याआधी त्या वर्गाचे नियम वाचा. पॉलिश आणि आकार बदलेल असं घासणं यांत नियम फरक करतात.

मशीन

पेपरनंतर रबिंग हाताने करायचं म्हटलं तर ऑप्टिमिस्टएवढी, जेमतेम २.३६ मीटरची होडी होईल. त्याहून मोठीला बफिंग मशीन लागतं. ग्राइंडरला पॅड लावून काम करणारे आहेत. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो आणि जेलकोट क्षणात जाळतो. वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर घ्या आणि १२०० ते १८०० फेऱ्यांच्या मधे ठेवा. आधी लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड, मग स्पंजचं पॅड आणि बारीक पॉलिश. दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा एका वेळी. मशीन सतत हलतं ठेवायचं. मधेच तळहात लावून बघा. जागा हात ठेववणार नाही इतकी तापली असेल तर पुढे सरका.

कंपाउंड पॅडवर वाळून कडक झालं की ते कापत नाही, नुसतं चोळतं आणि तापवतं. पुण्याच्या कोरड्या हवेत हे फार लवकर होतं, म्हणून अधूनमधून ब्रशने पॅड मोकळं करत राहा आणि पाण्याचा हलका फवारा मारा. काम सावलीतच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. वायर पाण्यापासून उंच टांगलेली आणि बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं स्विच) असल्याशिवाय ओल्या बोटीजवळ मशीन चालू करू नका.

चमक आली का हे बघायला बोटीच्या अंगासमोर वर्तमानपत्र धरा. प्रतिबिंबात मथळा तर वाचता येतोच, खालचा बारीक मजकूर किती अंतरावरून वाचता येतो ते बघा. मग पुन्हा अल्कोहोलचं फडकं, आणि पुन्हा वाचून बघा. अंतर तेवढंच राहिलं तर काम झालं. कमी झालं तर त्या जागी परत कंपाउंड.

डेकवर चालायच्या खरखरीत जागेला यातलं काहीही करू नका. तिथे पेपर नाही, मशीन नाही, आणि मेण तर मुळीच नाही. ओल्या मेणावरून माणूस घसरतो. कडक नायलॉनचा ब्रश, साबण, डाग असतील तर ऑक्झॅलिक, बस.

ताज्या उघड्या जेलकोटला झाकायलाच हवं

आता पृष्ठभाग खरा चमकतोय, पण तो उघडा आहे. असाच सोडला तर उन्हाळाभरात वर पुन्हा भुकटी धरायला सुरुवात होते, आणि इतकी मेहनत करूनही तक्रार तीच राहते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, मेण किंवा पॉलिमर सीलंट लावायचं. कार्नोबा मेणाची छटा सुंदर येते, पण आपल्या उन्हात ते लवकर उडतं. उघड्यावर राहणाऱ्या बोटीला मी सीलंटच सुचवेन, त्यावर हौस म्हणून मेण. पातळ थर, पूर्ण वाळू द्यायचा, पुसायचा, काही तासांनी दुसरा. जाड थराने काही जास्त टिकत नाही, पुसायला मात्र दमछाक होते.

पुढे वर्षातून तीनदा थर द्यावा: दिवाळीनंतर, होळीच्या आसपास, आणि मेच्या शेवटी पावसाआधी. तारखेपेक्षा पाण्यावर जास्त विश्वास ठेवा. बोटीवर पाणी मारल्यावर थेंबांचे टपोरे गोळे होऊन ओघळत असतील तर थर आहे. पाणी पसरून सपाट चादर होत असेल तर तो गेला. कपड्याचा डिटर्जंट वापरून बोट धुतली तर तो एका धुण्यात जातो. मालक शनिवारी सीलंट लावतो आणि पुढच्या रविवारी काम करणारा मुलगा वॉशिंग पावडरने बोट लख्ख धुतो, हे काठावर सर्रास घडतं. त्याला बोलण्यापेक्षा बोटीजवळच सौम्य साबणाची बाटली ठेवा.

बोट ठेवता कशी, यावरही निम्मं अवलंबून आहे. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवशी, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि डेकला सरळ भाजून काढतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास असतो, आणि बोटीच्या दक्षिणेकडच्या अंगावर दिवसभर ऊन पडतं. ट्रेलरवर एकाच तोंडाने वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बोटीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त उडालेली का असते, त्याचं हे कारण. दर दोन-तीन महिन्यांनी ट्रेलर फिरवून उलट तोंडाने लावा. छोटी होडी असेल तर पालथी न ठेवता कुशीवर, सावलीच्या बाजूला तळ करून ठेवता येते.

ताडपत्री थेट बोटीवर ताणून बांधू नका. पावसाळ्यात खाली ओल कोंडते, वर ऊन आलं की तिची वाफ होते आणि जेलकोटवर पांढरे ढगाळ डाग उमटतात. वाऱ्याने ताडपत्री फडफडून कडा घासल्या जातात ते वेगळंच. बोटीच्या वर हातभर उंचीवर पाइपांचा सांगाडा करून त्यावर झाकण टाका, खालून वारा खेळू द्या. मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीच्या दुकानांत ७५ टक्के सावलीची शेडनेट मिळते, तीच बिगरपावसाच्या आठ महिन्यांसाठी उत्तम. मावळात गुलाबाची पॉलिहाउसं आहेत म्हणून ती इकडे चांगल्या दर्जाची मिळते. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री टाकायची, उतार ठेवून. झाडाखालची जागा दिसते सावलीची, पण तिथे जांभळं, पाला आणि पक्ष्यांची शीट येते, आणि शीट दोन दिवस राहिली की मेण आणि खालची चमक दोन्ही खाते.

सगळं नीट करूनही परत पांढरी पडली, तर

दोन-तीन शक्यता उरतात. त्या जागी कधीतरी जेलकोटची डागडुजी झालेली असेल आणि ती अर्धी कच्ची राहिली असेल. जेलकोट हवेच्या संपर्कात वरून पूर्ण सेट होत नाही, चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थरात मेणाचं मिश्रण घालतात किंवा वरून पीव्हीएची (हवा अडवणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रावाची) पातळ फिल्म देतात. ते विसरलं, किंवा हार्डनर एक टक्क्याहून कमी पडलं, की तो भाग मऊ राहतो आणि काही महिन्यांत पिठूळ होतो. नखाने दाबून बघा. खूण उमटली तर तो भाग घासून काढून पुन्हा करणं हाच मार्ग.

दुसरी शक्यता, कुणीतरी वरून पारदर्शक लॅकर किंवा फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश मारलेलं असणं. पहिल्या उन्हाळ्यात ते पिवळं पडतं आणि मग साल सुटल्यासारखं निघतं. ते पूर्ण काढल्याशिवाय खालच्या जेलकोटवर केलेलं कोणतंही काम टिकणार नाही.

तिसरी, जेलकोटच संपलेला. हजारच्या पेपरलाही हिरवट-पिवळट, पारदर्शक छटा दिसू लागली, छिद्रं दिसू लागली, किंवा दर वर्षी पेपर मारावा लागतोय, तर आता घासणं थांबवा. पूर्ण बोटीला नवा जेलकोट देणं शक्य आहे, पण साच्याच्या बाहेर दिलेला जेलकोट संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो आणि तो सपाट करायला पुन्हा सगळे नंबर फिरवावे लागतात. जुन्या बोटीला टू-पॅक पॉलियुरेथेन रंग मला जास्त योग्य वाटतो. आधी मेण आणि सिलिकॉन सॉल्व्हंटने पूर्ण काढायचं, मगच पेपर, नाहीतर पेपर ते आत दाबतो. मग इपॉक्सी प्रायमर, हलकं घासणं, आणि दोन पातळ हात. फवारा मारणार असाल तर त्या रंगाच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासात जातं, आणि त्याला साधा कापडी मास्क अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ असेल तरच फवारा. घरच्या आवारात करायचं तर रोलरने लावून लगेच कोरड्या ब्रशने हलकं ओढून घ्या. जानेवारीत उशिरा सकाळी, दव पूर्ण वाळल्यावर सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत शेवटचा हात संपवा, कारण संध्याकाळी धरणाकाठी दव लवकर पडतं आणि ओल्या रंगावर ते पडलं तर चमक मिळत नाही.